गोल आवाजाची नखं

माझ्या मावसबहिणीची नखं मी जितकी निरखून बघितली आहेत, तितकं तिच्या सख्ख्या आईने तिचं तोंडसुद्धा बघितलं नसेल. हे मी कौतुकाने सांगत नाही, जळून सांगते. आम्ही दोघी एकाच सरांकडे गिटार शिकलो, त्यांच्याच शाळेत आता शिकवतो, आणि ती माझ्याहून चांगली वाजवते. एवढं कारण जळायला पुरेसं नसेल तर तुम्हाला मावसबहीण नाही.

तिला सगळे छोटी म्हणतात. माझ्याहून फार लहान नाही, पण एकदा घरात कुणी छोटी झालं की दुसऱ्याला आपोआप मोठं व्हावं लागतं, म्हणून मी ताई. छोटीने चूक केली तर ती छोटी आहे. मी केली तर एवढी मोठी झाली तरी अक्कल नाही.

आमच्या प्रकारच्या गिटारीत नखं म्हणजे सर्वस्व. हातात प्लास्टिकची पट्टी धरून आम्ही वाजवत नाही, उजव्या हाताच्या नखांनी तारा छेडतो. म्हणून डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापायची आणि उजव्या हाताची थोडी वाढवून, फाइलने आकार देऊन, मग अगदी बारीक पॉलिश पेपरवर घासून काचेसारखी करायची. नखाला कणभर खाच राहिली तरी तार खरखरते. त्यामुळे आमच्या घरी डब्यांची झाकणं नवरा उघडतो, आणि त्याबद्दल रोज एकदा बोलूनही दाखवतो.

माझी नखं म्हणजे ओला कागद. कार्यक्रम जवळ आला की हटकून एक तुटतं. मग टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून, सुपरग्लूने चिकटवून मी वेळ मारून नेते. छोटीची जन्मतःच टणक. 'तुला तिच्या नखाची सर नाही' हे आई माझ्या शाळेपासून म्हणत आलीय. इतरांच्या आया हे नुसतं बोलायचं म्हणून बोलतात. माझ्या आईचं अक्षरशः खरं निघालं.

शाळा एका चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. पहिल्या मजल्यावर एकच हॉल होता, सरांनी प्लायवूड ठोकून त्याच्या खोल्या केल्या. माझ्या खोलीत खिडकी नाही, झेरॉक्सचं मशीन आहे. पलीकडे छोटी. सरांची खोली मात्र खरी खोली आहे: दोन खिडक्या, लाकडी जमीन, आणि मोठा वर्ग. मोठा वर्ग म्हणजे ज्यांना खरंच वाजवता येतं ते विद्यार्थी. बाकी आमच्याकडे येतात त्यांना वाढदिवसाला एक गाणं वाजवायचं असतं.

सर मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. मोठा वर्ग आमच्यापैकी एकीला द्यायचा होता. कुणाला, ते त्यांनी सरळ सांगितलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण सर न्यायी. म्हणाले, "येत्या रविवारी दोघी एकच रचना वाजवा. मी डोळे मिटून ऐकेन." मला ती खोली हवी होती. अन्नपाण्यासारखी हवी होती. खिडक्यांचे पडदे कसले लावायचे तेही माझं ठरलं होतं.

आणि नेमका गेल्या काही महिन्यांत छोटीचा आवाज बदलला होता. आधीही चांगलाच होता, आता दाट झाला. प्लायवूडमधून ऐकू यायचा तेव्हा माझे विद्यार्थी वाजवायचे थांबून तिकडे कान लावायचे. एक दिवस सर जिन्यातच तिला म्हणाले, "छोटी, काय केलंस गं? आवाज गोल झालाय." मी चार पायऱ्या मागे होते. मला सरांनी इतक्या वर्षांत 'बरं आहे' याच्या पुढे काही म्हटलेलं नाही.

मग मी तिची नखं बघितली. बघितली म्हणजे तपासणीच केली. ती बदलली होती. सगळी नखं पालथ्या चमच्यासारखी बाकदार झाली होती, चकचकीत, आणि मुळाशी किंचित उचललेली. बोटांची टोकंसुद्धा गोलसर, भरल्यासारखी. डाव्या हाताचीही. तार अशा बाकावरून घसरत गेली की आवाज गोल येणारच, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

"काय लावतेस गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही ताई, आपोआपच अशी वाढायला लागलीत."

आपोआप! मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी ती माझ्यासमोर डोळे मिटून खोटं बोलतेय असं मला वाटलं. बाकीचंही सगळं तिच्या बाजूनेच चाललं होतं. ती बारीक झाली होती; येणाराजाणारा विचारत होता, डाएट कुठलं? संध्याकाळी तिचे गाल गुलाबी दिसायचे. खोकला होता, तोही कसा, तर रुमाल तोंडाशी धरून, मान खाली घालून. मी खोकले की लोक लांब सरकतात; ती खोकली की पाणी आणून देतात.

मी तिच्या हाताचा फोटो काढला, अंगठी छान दिसतेय म्हणून. तो घेऊन पार्लरमध्ये गेले आणि म्हटलं, अशी नखं बसवून द्या. पार्लरवालीने फोटो मोठा करून बघितला. "लोक टोकदार मागतात, चौकोनी मागतात," ती म्हणाली. "पण अशी पोपटाच्या चोचीसारखी? लग्नाला जायचंय का?" मी म्हटलं, "तुम्ही बसवा." तिने एकेक नख बाक देऊन हुबेहूब बसवलं. डाव्या हाताला लागतच नव्हती. घरी येऊन वाजवून बघितलं तर आवाज थोडा गोल आला, की मी तसा मानून ऐकला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांचा तास होता. हे माझे सर्वांत वाईट विद्यार्थी. निवृत्त छातीचे डॉक्टर. जन्मभर लोकांच्या छातीला नळी लावून बारीकसारीक ऐकत आले, पण आपली गिटार सुरात नाही हे त्यांना अजून एकदाही ऐकू आलेलं नाही. मी त्यांना तार कशी छेडायची ते दाखवत होते. ते तारेकडे बघेचनात.

"मॅडम, हात बघू."

"हात नाही, तार बघा."

त्यांनी माझं बोट धरलंच. चष्मा कपाळावर चढवला, नख उजेडाकडे फिरवलं. एकदम त्यांचा आवाज बदलला. आयुष्यभर ज्या आवाजात बोलले असतील तो बाहेर आला.

"खोकला आहे? संध्याकाळी कणकण? वजन उतरलंय?"

"माझं? डॉक्टरसाहेब, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

त्यांनी डावा हात घेतला आणि गोंधळले. "ही तर सपाट आहेत. एकाच हाताला कसं? असं सहसा होत नाही."

मग सांगावंच लागलं. "उजवी खोटी आहेत. काल बसवून घेतली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरसाहेब हसून हसून खोकायला लागले. "अहो मॅडम, लोक नखं रंगवून घेतात, लांब करून घेतात. फुप्फुसाच्या रोग्याची नखं पैसे देऊन कोण बसवून घेतं?"

"रोग्याची?"

"आमच्या वॉर्डात अशीच बघितली आयुष्यभर. छातीत, हृदयात, कधी पोटातसुद्धा जुनं दुखणं असलं की बोटांची टोकं फुगतात, नखं अशी वळतात, मुळाशी दाबलं तर मऊ लागतात. काहींची पिढीजात असतात, त्यांना काही होत नाही. पण नव्याने झाली असतील तर छातीचा एक्स-रे काढायलाच हवा." मग त्यांनी आपल्या दोन्ही तर्जन्या नखाला नख लावून माझ्यासमोर धरल्या. "ही मधली फट दिसते? पतंगाच्या आकाराची? नखं वळली की ही फट बुजते. साधी खूण आहे. पण तुम्ही बघून कुणाची केलीत ही?"

प्लायवूडपलीकडे छोटी वाजवत होती. दाट, गोल. मग खोकला. डॉक्टरसाहेबांचं हसू गेलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "उशीर करू नका," एवढंच म्हणाले आणि गिटार पिशवीत भरली.

आता खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, रविवारनंतर सांगू. आलं म्हणजे नुसतं डोकावून गेलं नाही, पाय पसरून बसलं. इतके महिने अंगावर काढलेलं दुखणं, आणखी चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार? आत्ता सांगितलं तर सगळे म्हणणार, ताईला वर्ग हवाय म्हणून छोटीला आजारी ठरवतेय. आणि एक्स-रे चांगला निघाला तर वर्गही जाणार आणि अब्रूही. हे सगळं मला अगदी पटत होतं. तेवढ्यात पलीकडचा खोकला थांबला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. ना खोकला, ना गिटार. मी भिंतीला कान लावून बसले. तिचं वाजवणं ऐकू आलं की माझं डोकं उठतं, पण ते ऐकू यावं असं मला पहिल्यांदाच वाटलं. मी उठून तिच्या खोलीत गेले.

ती खुर्चीत मागे टेकून धापा टाकत होती. मी काही न विचारता तिच्या दोन्ही तर्जन्या धरल्या आणि नखाला नख लावलं. मधे उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता. मग मऊ लागतात का ते मुळाशी दाबून बघायला गेले, पण माझं खोटं नख मधे आलं. शेवटी मी जे ऐकलं होतं ते धडाधड बोलून टाकलं.

छोटीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रविवार आला म्हणून ना?"

"अगं, डॉक्टरसाहेब म्हणाले."

"त्यांनी मला तपासलंय?"

"नाही. माझी नखं बघून म्हणाले."

"तुझी नखं बघून मला रोग झाला?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "ताई, लहानपणी माझ्या बाहुलीला गोवर झालाय म्हणून तू ती उचलून नेली होतीस. बरी झाली की देते म्हणालीस. अजून बरी होतेय ती."

ती बाहुली खरंच माझ्याकडे होती.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे. मावशीने आईला फोन केला, "तुझी लेक माझ्या पोरीला जिवंतपणी गाडायला निघालीय." आईने मला फोन करून विचारलं, "इतकं पोटात दुखतं का गं तुझ्या?" सर नुसते म्हणाले, "रविवार होऊ दे, मग बघू." सगळ्यांनाच रविवार होऊ द्यायचा होता. थोड्या वेळापूर्वीपर्यंत मलाही. आणि माझ्यावर विश्वास न ठेवण्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. आयुष्यभर तिला पाण्यात बघितलं. आता ती बुडतेय म्हणून ओरडले तर कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. छोटी तिथे तार बदलत बसली होती. बरंच झालं, म्हटलं, परत परत बोलायला नको.

"सर, रविवारी मी वाजवणार नाही. माझं नाव काढा. वर्ग छोटीला द्या."

सरांनी मान वर केली. "घाबरलीस?"

"हो, असं समजा."

हे तीन शब्द बोलताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या दोन खिडक्यांकडे मी बघितलंही नाही. छोटीकडे वळले. "झालं? जागा तुझी. आता मला त्यातून काही मिळायचं राहिलेलं नाही. उठ आणि एक्स-रे काढायला चल."

छोटी माझ्याकडे बघत राहिली. तिचा रंग हळूहळू उतरला.

"खरंच सोडलीस?"

"सोडली."

"ताई, तू बसच्या रांगेतली जागासुद्धा कधी कुणाला सोडली नाहीस."

"नाही सोडली."

तिने हातातली तार खाली ठेवली. "म्हणजे मला खरंच काहीतरी झालंय," ती म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.

झालं होतंच. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पू साठून त्याची पिशवी झाली होती. सगळे सर्दी-खोकला म्हणत होते आणि ती आतून कुजत होती. औषधं झाली, मग ऑपरेशन झालं. डॉक्टरसाहेब रोज इस्पितळात जाऊन तिथल्या डॉक्टरांचं डोकं खात होते. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "वेळेवर आणलीत." तिला वाचवल्याचं श्रेय मला मिळालं आणि त्याने माझं काहीही भागलं नाही.

कारण वर्ग छोटीचा होता. सरांनी जायच्या आधी तसं जाहीर केलं. ती बरी होईपर्यंत मी बदली. मी त्या खोलीत बसायचे, त्याच लाकडी जमिनीवर पाय टेकवायचे, आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "छोटी मॅडम कधी येणार?" मावशीने मला मिठी मारून मोठ्या मनाची म्हटलं. आईही म्हणाली. मोठं मन! माझं मन आहे तेवढंच आहे. त्यात छोटी एकटीच कशीबशी मावते, तीही काट्यासारखी.

मी तिला भेटायला वरचेवर जायचे. लोकांना वाटायचं मायेने. थोडी माया असेलही, पण मी नखं बघायला जायचे. फुप्फुस सुधारत गेलं तशी तीही बदलायला लागली. मुळाकडून सपाट नख येत होतं, बाक टोकाकडे सरकत होता आणि कापण्यात निघून जात होता. डॉक्टरसाहेब खूश. मीही खूश, वेगळ्या कारणासाठी. शेवटचा बाक कापला गेला की तो गोल आवाजही जाणार. मग ती आणि मी सारख्या. पोरगी बरी होऊ दे आणि तिची नखं बिघडू देत, हे दोन्ही मी एकाच दमात मागत होते. दोन्हीही मनापासून.

अखेर ती शाळेत आली. दुपारची वेळ होती, वर्ग सुरू व्हायचे होते. जिना चढून आल्यावर जरा वेळ बसली, मग दार लावून घेतलं आणि गिटार काढली. नखं माझ्यासमोर धरली. सपाट, साधी, कुणाचीही असावीत तशी.

"ताई, मला वाजवताना आवाज वेगळा लागतोय. पातळ. गेला बहुतेक," ती म्हणाली. "आईला विचारलं तर ती छानच म्हणणार. सरांना फोनवरून काय कळणार? तू ऐक. तू सांगशील ते खरं. आणि गेला असेल तर हा वर्ग तूच ठेव. मी तुझी खोली घेईन. उगाच दयेने मिळालेलं मला नको."

मी खुर्चीत बसले. तिने वाजवायला सुरुवात केली.

पहिल्या काही ओळी अडखळल्या. हात बऱ्याच दिवसांनी चालत होता, मधेच श्वास घेण्यासाठी थांबावं लागत होतं. मी तिच्या नखांकडे बघत होते, आणि बघण्याच्या नादात मला नीट ऐकूच येत नव्हतं. म्हणून सरांसारखे डोळे मिटले.

आवाज कुठेही गेलेला नव्हता. तोच दाटपणा, तोच गोलावा, उलट आता त्यात काहीतरी हळुवार उतरलं होतं जे आधी नव्हतं. नखांचा त्यात काडीचा संबंध नव्हता. ती प्रत्येक सूर वाजवण्याआधी ऐकायची आणि मग तेवढाच वाजवायची. ते कानांत होतं. मी मूर्खासारखी पार्लरमध्ये जाऊन नखं बसवून आले होते. कान बसवून देणारं पार्लर कुठे आहे? माझी नखं लोखंडाची असती तरी ती माझ्या पुढेच राहिली असती, हे मला त्या मिटल्या डोळ्यांमागे अगदी स्वच्छ दिसलं.

ती थांबली. मी डोळे उघडले तर ती माझ्याकडेच बघत होती. नाव मागे घेतलं त्या दिवसापासून ती माझं सगळंच खरं मानते. औषध घे म्हटलं की घेते, झोप म्हटलं की झोपते. आता मी 'गेला' एवढा एकच शब्द बोलायचा होता. कुणाला कधी कळलं नसतं. तिला स्वतःलासुद्धा नाही.

"गेला ना गं?" तिने विचारलं.

माझ्या तोंडात तो शब्द आला होता. मी उठले आणि कपाटातून माझी पुस्तकं काढून एकावर एक ठेवायला लागले.

"नाही," मी म्हणाले. "आहे तिथेच आहे. पहिल्यापेक्षा चांगला आहे, मेले."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती गिटार बाजूला ठेवून माझ्याकडे यायला निघाली.

"लांब हो," मी पुस्तकं छातीशी धरून म्हणाले. "आधी मला इथून जाऊ दे. मग काय रडायचंय ते रड."